म्हशीशी नातं नसलेला माणूस

पळसथडी पोलीस ठाण्याच्या आवारात वरच्या साहेबांच्या वार्षिक तपासणीसाठी लावलेली झेंडूची रोपं साखरा गावच्या शकुबाईंच्या म्हशीने भरदिवसा, सर्व कर्मचाऱ्यांच्या समक्ष खाल्ली, ही गोष्ट कोणीही नाकारत नाही. शकुबाई नाकारत नाहीत. म्हशीनेही नाकारली नाही. पंचनामा चालू असताना ती शांतपणे रवंथ करत उभी होती आणि एक पिवळी पाकळी तिच्या ओठाला चिकटलेली होती, असं पंचांनी लिहून ठेवलं आहे.

ठाण्याचे प्रमुख, सहायक पोलीस निरीक्षक स्वानंद परुळेकर, यांनी म्हैस जप्त केली. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नुकसान सरकारी मालमत्तेचं, आणि नुकसान झालेली मालमत्ता म्हशीच्या पोटात. म्हणजे म्हैस एकाच वेळी आरोपी, हत्यार आणि मुद्देमाल ठरली. तिला ठाण्यामागच्या लिंबाला बांधण्यात आलं. मुद्देमाल सुस्थितीत राखणं बंधनकारक असतं, आणि दुभती म्हैस पिळली नाही तर आजारी पडते, म्हणून हवालदार तिच्यापुढे सरकी ठेवून तिला सकाळ-संध्याकाळ पिळू लागले. पिळलेलं दूध ठेवलं तर नासतं, आणि पुरावा नासू देणं हा कर्तव्यात कसूर आहे, म्हणून त्याचा चहा होऊ लागला. सांगा, कुठल्या पायरीवर काय चुकलं?

शकुबाईंचं म्हणणं एवढंच होतं की घरी रेडकू आहे. अगदी कोवळं, अजून दुधावरचं. एके दिवशी त्या रेडकाला दाव्याला धरून थेट ठाण्यात आल्या आणि हवालदाराला म्हणाल्या, “दादा, म्हस तुमी ठिवा, काय चौकशी करायची ती करा तिची. पण येवढं लेकरू पाजून घेऊ द्या. चार दिस झाले वरच्या दुधावर, पार वाळून चाललं.”

“बाई, मुद्देमालाला बाहेरच्याला तोंड लावू देता येत न्हाई.”

“बाहेरचं काहून? तिच्या पोटचं हाये त्ये!”

“पोटात तर झेंडू बी हाये,” हवालदार म्हणाले, आणि त्यांनी गेट लावून घेतलं.

गेटाच्या अलीकडे रेडकू आणि पलीकडे म्हैस, दोघं एकमेकांकडे पाहून असं ओरडत होते की ठाणे अंमलदाराला फोनवर काही ऐकू येईना. त्यांनी शांतताभंगाची नोंद घेतली. मग शकुबाईंनी आमच्याकडे तक्रार केली.

आमच्याकडे म्हणजे पोलीस वर्तन स्वतंत्र देखरेख समितीकडे. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांनीच तपासायची, हा जुना प्रकार आता बंद. आता आम्ही तपासतो. मी, राधाकृष्ण औंढेकर, या समितीचा सदस्य-सचिव. आधी तहसिलात अव्वल कारकून होतो. गावात सध्या माझ्याविषयी काहीबाही बोललं जातंय, पारावर माझी टिंगल चाललीय, म्हणून सगळं आहे तसं तुमच्यापुढे मांडतोय. ज्याला कायदा कळत नाही त्याने फाजील हसू नये, ही माझी पहिल्यापासूनची भूमिका आहे.

आमच्या समितीचा सगळा प्राण ‘स्वतंत्र’ या शब्दात आहे. नियम स्पष्ट आहे. चौकशी करणाऱ्या सदस्याचं तक्रारदाराशी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याशी, अथवा मुद्देमालाशी कसलंही नातं, सोयरीक वा ओळख नसावी. हा नियम मुंबईत कोणीतरी केला. तो माणूस आमच्या जिल्ह्यात कधी एस.टी.ने आलेला नसणार. आमच्याकडे डॉक्टरसुद्धा आधी गाव विचारतो आणि मग जीभ दाखवायला सांगतो. न विचारणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आणि एकदा गाव विचारलं की पुढचं थांबवणं कोणाच्या बापाच्या हातात नसतं.

पहिल्या सुनावणीला आमचे अध्यक्ष माणिकराव बसले होते. आखाडा बाळापूरचे निवृत्त मुख्याध्यापक, अत्यंत कडक माणूस. शकुबाई आत आल्या, हात जोडले, पदर सावरून खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या आणि म्हणाल्या, “राम राम. पाव्हणं, गाव कोणतं म्हणायचं तुमचं?”

मी जोरात खोकलो.

“बाळापूर,” माणिकराव म्हणाले. मुख्याध्यापक असले तरी माणूस इथलाच.

“बाळापुरात आमच्या गंगूताईला दिलंय की! मारुतीच्या देवळामागं ऱ्हाते.”

“गंगूताई? ती तर आमच्या साडूची चुलत भावजय!”

मी टेबलावर रूळ आपटला. उपयोग झाला नाही. माणिकराव उभे राहिले होते. चष्मा काढून पुसत होते. “आवो, म्हणजे तुमी साखऱ्याच्या शकूताई व्हय? तुमच्या लग्नात बुंदी मी वाढलेली हाय! पंगतीत तुमच्या मामानं रुसून ताट सारलं हुतं बघा!”

“व्हय व्हय! त्यो मामा गेला हो परवा.”

“अरारारा!”

दोघांनी मामाविषयी दुःख व्यक्त केलं. त्यानंतर अध्यक्षांनी स्वहस्ते राजीनामा लिहिला, शकुबाईंच्या पाया पडले आणि एस.टी. पकडून निघून गेले. शकुबाई मात्र खूश होत्या. जाताना मला म्हणाल्या, “लई चांगली हाये बघा तुमची समिती. घरचं माणूस भेटलं. आता म्हस कधी सोडता?”

मी त्यांना समजावून सांगितलं की घरचं माणूस भेटलं हीच तर अडचण झाली आहे. त्यांच्या काही ते डोक्यात शिरलं नाही. “परक्या माणसाला माझ्या म्हशीचं काय पडलंय, भाऊसाहेब?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही पडलेलं नसणं हीच त्याची पात्रता.  मग रेडकाला पाणी पाजायची वेळ झाली म्हणून उठल्या.

दुसऱ्या वेळी मी खबरदारी घेतली. सदस्य म्हणून वसमतचे पशुवैद्य डॉक्टर विश्वंभर यांना बोलावलं. जिल्ह्याचं दुसरं टोक. वर मुद्देमालाच्या जातीचं शास्त्रीय ज्ञान. शकुबाईंना मी आधीच बाहेर गाठून तंबी दिली की गाव विचारायचं नाही, माहेर विचारायचं नाही, लेकरंबाळं विचारायची नाहीत. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बिचारीने पदराचा बोळा करून तोंडात धरला आणि मान हलवली. आणि डॉक्टरांनी बसल्या बसल्या काय करावं?

“काय मावशी, गाव कोणतं?”

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. शकुबाईंचा चेहरा लाल झाला, डोळे भरून आले, पण बाईने पदर सोडला नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला. डॉक्टर म्हणाले, “बरं, राहू द्या. मुद्देमाल बघून घेऊ.” आम्ही सगळे लिंबाखाली गेलो.

डॉक्टरांनी म्हशीला समोरून पाहिलं. बाजूने पाहिलं. मग तिच्या कपाळावरचा पांढरा टिळा बोटाने चोळला आणि ओरडले, “अरे, ही तर आमच्या रूपाबाईच्या गोठ्यातली!”

रूपाबाई म्हणजे त्यांची मामेबहीण. शकुबाईंनी म्हैस तिच्याचकडून घेतली होती. एवढ्यावर भागलं असतं तर मी कसंतरी निभावून नेलं असतं. पण डॉक्टर पुढे म्हणाले, “हिच्या मायचं बाळंतपण मी केलंय. आडवी आली होती ही. ह्या हातानं वढून काढली!” आणि म्हशीने तो हात चाटला. एकदा नव्हे, सावकाश, कोपरापर्यंत चाटला. परुळेकर साहेब व्हरांड्यातून बघत होते. त्यांनी रीतसर हरकत घेतली: “औंढेकर, मुद्देमालाने सदस्याला ओळखलंय.” मला हरकत मान्य करावीच लागली. इकडे शकुबाईंनी पदर सोडला आणि डॉक्टरांकडे रूपाबाईच्या गुडघ्याची चौकशी करायला लागल्या.

आता जिल्ह्यातला माणूस नकोच, असं वरून कळवण्यात आलं. तिसऱ्या सदस्य म्हणून पुण्याच्या वकील देवश्री यांची व्हिडिओवर नेमणूक झाली. तरुण मुलगी, फाडफाड इंग्रजी, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. मला फार धीर आला. शकुबाईंना मी पडद्यापासून लांब, दाराजवळ बसवलं. देवश्रीताईंनी विचारलं, “तक्रारदार बोलू शकतात?”

“बोलते की माय,” शकुबाई म्हणाल्या. “माझं येकच म्हणणं हाये...”

पडद्यावर देवश्रीताईंच्या मागे एक दार होतं. त्या दारातून हातात कणकेचा गोळा घेतलेल्या एक वयस्क बाई आल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, “कोण गं ही? आवाज वळखीचा वाटून राहिलाय.”

“आई, प्लीज, सुनावणी चालू आहे.”

“सुनावणी ऱ्हाऊ दे. कोण हाये म्हन्ते मी? शकू का तू? साखऱ्याची?”

“नर्मदे!” शकुबाई किंचाळल्या.

दोघी शाळेत एका बाकावर होत्या. नर्मदाबाई लेकीकडे पुण्याला गेल्यापासून भेट नव्हती. सुनावणीचा उरलेला वेळ, नंतर जोडून दिलेला जादा वेळ, आणि आमच्या कार्यालयाचं संपूर्ण इंटरनेट त्यांनी संपवलं. सोबतीच्या पोरी कुठे दिल्या, कोण गेलं, कोण राहिलं, साखऱ्याच्या आडाला पाणी आहे का, सगळं झालं. शेवटी नर्मदाबाई पिठाच्या हाताने डोळे पुसत लेकीला म्हणाल्या, “हिची म्हस सोडून दे गं बाई.” देवश्रीताईंनी कॅमेरा बंद केला. त्यांचा राजीनामा इंग्रजीत आला.

मग मात्र वरचं कार्यालय खवळलं. मला आदेश आला की ज्याचा जिल्ह्यात एकही नातेवाईक, सोयरा, शाळासोबती वा ओळखीचा नाही अशी व्यक्ती तत्काळ शोधून नेमावी, अन्यथा तुमच्यावर कारवाई करण्यात येईल. मी वणवण केली. बँकेचा बिहारी मॅनेजर सापडला, तर गावातल्या पोरी त्याला राखी बांधतात असं निघालं. मिठाईवाला अमरसिंग दूरच्या मुलुखातला, पण शकुबाईंच्या पोरीच्या लग्नातली जिलेबी त्याची, आणि तेव्हापासून सगळं साखरा त्याला मामा म्हणतं. मी रडकुंडीला आलो. सगळा जिल्हा एकमेकांचा कोणी ना कोणी. असा स्वतंत्रपणा कुठे चालतो का?

आणि मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. होता की एक माणूस! अगदी डोळ्यांसमोर! ज्याला कोणी कधी जेवायला बोलावलं नव्हतं, कोणाच्या हळदीला, कोणाच्या तेराव्याला नाही. कोणी गाव विचारलं की तो ‘मालवण’ म्हणायचा, आणि समोरचा “लई लांब” म्हणून माशांचा भाव विचारायचा आणि गप्प व्हायचा. सहायक पोलीस निरीक्षक स्वानंद परुळेकर.

मी धावतच ठाण्यात गेलो. साहेब चहा घेत होते.

“अहो औंढेकर, पण तक्रार माझ्याविरुद्धच आहे ना?”

“त्याला बंदी नाही. नियम एवढंच म्हणतो की सदस्य हा, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा नातेवाईक नसावा. तुम्ही तुमचे नातेवाईक आहात का?”

साहेबांनी बराच विचार केला. कप खाली ठेवला. “तसं म्हणता येणार नाही,” ते म्हणाले.

“तक्रारदाराशी ओळख?”

“तिने मला ओळखावं असं मी काहीच केलेलं नाही.”

“मुद्देमालाशी नातं?”

“दूध पितो रोज.”

“ते नातं नव्हे, साहेब. ते नुसतं सेवन.”

त्यांची नेमणूक झाली. वरून चोवीस तासांत मान्यता आली, आणि सोबत माझं अभिनंदन.

परुळेकर साहेबांनी जी चौकशी केली तशी आमच्या जिल्ह्यात कोणी केलेली नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या होत्या. डावीकडे बसताना ते टोपी घालत, तेव्हा ते प्रतिवादी. उजवीकडे बसताना टोपी काढत, तेव्हा चौकशी अधिकारी. त्यांनी स्वतःला नोटीस काढली. पहिल्या तारखेला प्रतिवादी बंदोबस्ताला गेल्यामुळे गैरहजर राहिले, तेव्हा चौकशी अधिकारी त्यांच्यावर इतके संतापले की हवालदाराने पाणी आणून दिलं.

दुसऱ्या तारखेला उलटतपासणी झाली. शकुबाई दारात रेडकू घेऊन उभ्या होत्या, कारण त्याला आता घरी एकट्याला ठेववत नव्हतं. उभं राहताना त्याचे पाय लटपटत होते.

“म्हशीचं दूध तुम्ही प्यालात काय?” साहेबांनी टोपी काढून विचारलं. मग उठले, टेबलाला वळसा घातला, टोपी घातली. “प्यालो.”

वळसा. “कोणाच्या परवानगीने?”

वळसा. “माझ्या.”

वळसा. “उर्मट उत्तरं देऊ नका! साय कोण खात होतं?”

वळसा. “आठवत नाही.”

“उत्तर उडवाउडवीचं आहे!” चौकशी अधिकारी गरजले. या गडबडीत टोपी घालायची राहून गेली आणि चौकशी अधिकाऱ्यांनी चौकशी अधिकाऱ्यांनाच दम दिल्यासारखं झालं, म्हणून तेवढा प्रश्न पुन्हा घ्यावा लागला. आम्ही सगळे भारावून पाहत होतो. शकुबाईंनी मला हळूच विचारलं, “भाऊसाहेब, ह्यांना काई झालंय का? येकदा औंढ्याला नागनाथाला नेऊन आना.”

निकाल सर्वांना थक्क करणारा लागला. परुळेकर साहेबांनी परुळेकर साहेबांना पूर्णपणे दोषी ठरवलं! म्हैस बेकायदा डांबली, दूध बेकायदा प्यालं, रेडकाला बेकायदा हाकललं, तिन्ही आरोप सिद्ध. असा अधिकारी या जिल्ह्यात एक क्षणही राहता कामा नये, त्याला राज्याच्या अगदी पार टोकाला, समुद्राकाठी फेकून द्यावं, अशी कठोर शिफारस त्यांनी केली. जागाही सुचवली. मालवण.

वरचं कार्यालय हलून गेलं. तोवर एकही अधिकारी दोषी ठरला नव्हता. आता चौकशी पूर्ण झालेले सगळे अधिकारी दोषी होते. शिक्षा तातडीने मंजूर झाली. साहेब सामान बांधताना लहान मुलासारखे रडत होते, हसत होते, आणि मला मिठी मारून म्हणाले, “औंढेकर, एवढी वर्षं बदलीचे अर्ज करतोय हो. न्याय असतो, यावर आज माझा विश्वास बसला.” निरोपाला ठाण्याने पेढे वाटले. ते कशाच्या दुधाचे होते हे मी विचारलं नाही. समितीचा सत्कार झाला, मला शाल-श्रीफळ मिळालं, पेपरात फोटो आला.

आता म्हैस. काहींना वाटतं की आम्ही म्हैस विसरलो. साफ खोटं आहे. उलट म्हशीचं महत्त्व आता दुप्पट झालं. झेंडूच्या गुन्ह्यात ती मुद्देमाल होतीच, आता अधिकाऱ्याच्या गैरवर्तनाचाही ती पुरावा ठरली. परुळेकर साहेबांना अपिलाचा हक्क आहे. त्यांनी तो बजावला नाही, बजावणारही नाहीत, पण हक्क तो हक्क, त्याची मुदत संपेपर्यंत पुरावा जपायलाच हवा. पोलिसांच्या ताब्यात ठेवणं तर घोर अन्याय झाला असता. म्हणून तिला स्वतंत्र संस्थेच्या ताब्यात दिलं. समितीच्या कार्यालयाला गोठा नाही. माझ्या घराला आहे. आमच्या मंडळी, अनुसयाबाई, तिला पिळतात. चहा फार घट्ट होतो हो, चमचा उभा राहावा असा.

परवा सकाळी शकुबाई आल्या. एकट्याच. हातात नुसतं दावं होतं. अंगणात म्हशीने त्यांना पाहिलं आणि हंबरून खुंटा उपटायला निघाली. त्या तिच्यापाशी गेल्या नाहीत. ओट्यावर माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“त्या साहेबाला तुमी शिक्षा दिली म्हन्तात. त्यो गेला हासत. तुमाला शाल भेटली. मी कवा मागितली हुती शिक्षा? मी म्हस मागितली हुती. रेडकू काल गेलं, भाऊसाहेब. मांडीवर घेऊन बसले हुते मी त्याला. लेकराच्या तोंडात बोट दिलं तर चोखायचं बी बळ न्हवतं त्याच्यात. आन् तुमी बशीत चा वतून पिऊन राहिले!”

आवाज एवढा चढला की अनुसयाबाई आतून बाहेर आल्या आणि तशाच दारात थांबल्या. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, मीही माणूस आहे. पण रेडकू मुद्देमालात कधीच नव्हतं, त्यामुळे त्याच्याबाबत समितीने काही म्हणणं अधिकाराबाहेरचं ठरतं. हे मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. मग तशाच पायी निघाल्या आणि आता त्यांनी आमच्या समितीविरुद्धच तक्रार केली आहे.

करू द्या. आम्ही कोणाला घाबरत नाही. चौकशी होईल आणि स्वतंत्रच होईल. त्यासाठी माणूसही मी शोधून ठेवला आहे. तुम्ही.

नाही म्हणू नका. शकुबाई तुमच्या कोणी लागत नाहीत, म्हशीने तुमचा हात चाटलेला नाही. गेटाशी ते रेडकू ओरडत होतं तेव्हा तुम्ही हवालदाराच्या उत्तराला हसलात. पुढे दारात त्याचे पाय लटपटत होते तेव्हा तुमचं लक्ष साहेबांच्या टोपीकडे होतं. मी पाहत होतो. इतका निःपक्ष माणूस मला अख्ख्या जिल्ह्यात मिळाला नाही. या, असे वर ओट्यावर बसा. चहा टाकायला सांगितलाय, साखर किती घेता तेवढं बोला.